मॅडम, तुमचा रकाना कोरा आहे!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसातल्या सगळ्यांचे चेहरे बारावीच्या रिझल्टच्या आदल्या रात्रीसारखे होतात. एरवी कॅन्टीनमध्ये बॉसच्या नकला करणारी मंडळी एकदम सज्जन होतात. आणि फॉर्ममधला तो एक रकाना सगळ्यांचा घाम काढतो... ‘सेल्फ असेसमेंट’. स्वतःबद्दल स्वतःच लिहा. जास्त लिहिलं तर शायनिंग, कमी लिहिलं तर इन्क्रिमेंट गेलं. मी फ्रीलान्सर आहे. माझं अप्रेझल म्हणजे चेक वेळेवर आला की नाही, एवढंच. त्यामुळे तुमच्या फॉर्मकडे मी जरा लांबून बघू शकते. आणि दर वर्षी मला एक बाई आठवते.

या बाईनं त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्यांपैकी एकाच्या टॉप फ्लोअरवर पन्नास वर्षं काढली. राणी म्हणून, राजमाता म्हणून, आणि शेवटची पंधरा वर्षं चक्क सम्राट म्हणून. आणि तिच्या समाधीपुढच्या दगडावर काय लिहिलं गेलं? काहीच नाही. शब्दशः काहीच नाही.

तिचं नाव वू झेतियान. चीनच्या दोन हजारांहून जास्त वर्षांच्या राजेशाहीत अधिकृतपणे सम्राट झालेली एकमेव बाई.

दगड नंबर एक, दगड नंबर दोन

चीनमधल्या शिआन शहरापासून साधारण ८५ किलोमीटरवर चियानलिंग नावाची राजसमाधी आहे. डोंगराच्या पोटात वू आणि तिचा नवरा सम्राट गाओझोंग एकत्र झोपलेत. त्यांची समाधी आजवर कुणी उघडलेली नाही. वर जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला नवऱ्याचा स्मृतिस्तंभ. त्यावर हजारो अक्षरांत त्याचं गुणगान. ते लिहिलं कुणी? बायकोनं.

समोरच्या बाजूला तिचा स्तंभ. एकाच अखंड दगडाचा, साडेसात मीटर उंच, म्हणजे अडीच मजली इमारतीएवढा. वजन सुमारे ९८ टन. माथ्यावर, कडांवर ड्रॅगन कोरलेले. सगळा थाटमाट तयार, आणि मधली जागा मात्र कोरी करकरीत.

असं का? यावर तेराशे वर्षं डोकेफोड चालू आहे. कुणी म्हणतं, तिनंच सांगितलं होतं की माझा निकाल पुढच्यांना लावू दे. कुणी म्हणतं, तिच्यानंतर गादीवर आलेल्यांना ठरवताच येईना की हिला आई म्हणायचं, राणी म्हणायचं की गादी बळकावणारी. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं. कारण सगळी गंमत त्या ‘काय म्हणायचं’मध्येच आहे.

पाटलीणबाई आणि पाटील

आपल्याकडे ‘पाटलीणबाई’ म्हणजे कोण? बहुतेक वेळा पाटलांची बायको. ‘मास्तरीणबाई’ कधी मास्तरांची बायको असते, कधी स्वतः शिकवणारी. संदर्भावरून आपण समजून घेतो. चिनी दरबारात असा घोळ नव्हता. ‘हुआंगहोउ’ म्हणजे सम्राटाची बायको. ‘हुआंगदी’ म्हणजे सम्राट. नवऱ्याच्या जिवावर सत्ता चालवणाऱ्या राण्या वूच्या आधीही झाल्या आणि नंतरही झाल्या. एकोणिसाव्या शतकातली राजमाता त्सीशी तर पडद्याआडून जवळजवळ अर्धं शतक देश चालवत होती. पण त्या सगळ्या पाटलीणबाई राहिल्या. वूनं पडदा बाजूला केला आणि १६ ऑक्टोबर ६९० रोजी स्वतःला ‘हुआंगदी’ जाहीर केलं. नवरा ज्या घराण्याचा होता ते तांग घराणं बाजूला ठेवून नवं घराणं काढलं, ‘झोउ’. तेव्हा तिचं वय ६६. ज्या वयात आपल्याकडे माणसं सकाळी बागेत हास्यक्लबला जातात!

आता करिअर ग्राफ बघा. जन्म ६२४ चा. वडील लाकडाचे व्यापारी. तांग घराण्याच्या संस्थापकाला योग्य वेळी मदत केल्यामुळे मोठ्या पदावर पोहोचलेले. म्हणजे पैसा होता, पण जुन्या खानदानी लोकांच्या लेखी ‘कालचे लोक’. तेरा-चौदाव्या वर्षी ती सम्राट ताइझोंगच्या राजवाड्यात दाखल झाली, पाचव्या ग्रेडची उपपत्नी म्हणून. कॉर्पोरेट भाषेत एंट्री लेव्हल. बारा वर्षांत एकही प्रमोशन नाही.

६४९ मध्ये ताइझोंग वारला. नियम असा की मूलबाळ नसलेल्या उपपत्नींनी डोकं भादरून बौद्ध मठात जायचं. करिअर खल्लास. पण नवा सम्राट गाओझोंग, म्हणजे ताइझोंगचाच मुलगा, तिच्यात गुंतलेला. गंमत म्हणजे तिला मठातून परत आणायला हातभार लावला तो गाओझोंगच्या पट्टराणीनं. का? तर नवऱ्याची दुसरी लाडकी शियाओ हिचा पत्ता कट करायला. ऑफिस पॉलिटिक्समधला हा जुनाच फंडा. एका स्पर्धकाला शह द्यायला दुसरा आणायचा, आणि तोच तुमच्या खुर्चीत बसतो. ६५५ मध्ये पट्टराणीही गेली, शियाओही गेली, आणि वू राणी झाली.

हे सुखासुखी झालं नाही. एका ज्येष्ठ मंत्र्यानं दरबारात जमिनीवर डोकं आपटून रक्त काढलं. त्याचं म्हणणं, ही तुमच्या वडिलांच्या अंतःपुरातली बाई, आणि घराणंही साधं. दुसऱ्या एका मुरलेल्या सेनापतीला सम्राटानं विचारलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की हा तुमचा घरचा प्रश्न आहे, बाहेरच्यांना कशाला विचारता? त्या एका वाक्यानं इतिहास फिरला. अशा ‘मी यात पडत नाही’ म्हणणाऱ्या सीनियर लोकांचा हात बऱ्याच मोठ्या निर्णयांत असतो.

६६० पासून गाओझोंगची तब्येत ढासळली. डोकेदुखी, दिसायला कमी. फायली बायकोकडे जायला लागल्या. तिच्या हातातली सत्ता बघून ६६४ मध्ये तो एकदा घाबरला आणि तिला काढायचा हुकूम शांगग्वान यी नावाच्या मंत्र्याकडून लिहून घेतला. बातमी फुटली. ती थेट समोर येऊन उभी राहिली. सम्राट काय म्हणाला असेल? मी नाही, यानंच सांगितलं! मंत्र्याचं डोकं गेलं. नवरा वाचला. त्यानंतर दरबारात सम्राटाच्या मागे पडदा, आणि पडद्यामागे ती. लोक दोघांना ‘दोन संत’ म्हणायला लागले.

सेम केआरए, दोन रेटिंग

आता मुद्द्याचं. वूचं नाव काढलं की पहिल्यांदा काय सांगितलं जातं? ती क्रूर होती. पोटच्या तान्ह्या मुलीचा गळा दाबून आळ पट्टराणीवर घातला. पट्टराणी आणि शियाओचे हातपाय तोडून त्यांना दारूच्या रांजणात टाकलं. मरताना शियाओ म्हणाली की पुढच्या जन्मी मी मांजर होईन आणि तू उंदीर. त्यानंतर वूनं राजवाड्यात मांजर पाळू दिलं नाही.

मास कॉमला असताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली गेली. बातमी बघायच्या आधी सोर्स बघा. तर इथले सोर्स कोणते? मुलीच्या मृत्यूचं ते सगळं बारीकसारीक वर्णन ज्या मोठ्या ग्रंथांत येतं, त्यातला एक १०६० मध्ये पूर्ण झाला आणि दुसरा १०८४ मध्ये. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. लिहिणारे सगळे कन्फ्युशियन परंपरेतले पुरुष अधिकारी. बाईनं राज्य करणं म्हणजे कोंबडीनं बांग देणं, अशी म्हण त्यांच्या परंपरेत पूर्वापार चालत आलेली. आणि हातपाय तोडण्याची गोष्ट? ती जवळजवळ तशीच्या तशी साडेआठशे वर्षांपूर्वीच्या ल्यू नावाच्या राणीबद्दल सांगितलेली आहे. वाईट राणीचं एक टेम्प्लेट तयार होतं. नाव बदलून पुन्हा वापरता येण्याजोगं.

आता तिचा पहिला नवरा ताइझोंग घ्या. ६२६ मध्ये त्यानं राजवाड्याच्या उत्तर दरवाजावर दबा धरून आपल्या थोरल्या भावाला, युवराजाला, स्वतः बाण मारून ठार केलं. धाकट्या भावालाही मारलं. दोघांची मिळून दहा मुलं, म्हणजे स्वतःचे पुतणे, संपवले. दोन महिन्यांत वडिलांना गादीवरून उतरायला लावलं. धाकट्या भावाची बायको आपल्या अंतःपुरात घेतली. आणि इतिहासाचं रेटिंग? चीनचा सर्वोत्कृष्ट सम्राट. आदर्श राजा. त्याच्या कारभारावर पुढे शेकडो वर्षं धडे दिले गेले.

त्याचा कारभार चांगला होता, यात वादच नाही. पण त्याच्या बाबतीत इतिहासकार म्हणतात, भावांना मारलं खरं, पण राज्य उत्तम केलं. वूच्या बाबतीत म्हणतात, राज्य उत्तम केलं खरं, पण माणसं मारली. शब्द तेच. फक्त ‘पण’ची जागा बदललेली. आणि बॉस, सगळं अप्रेझल त्या ‘पण’च्या जागेवरच ठरतं. ऐकलंय ना कधी ऑफिसात? ‘तो जरा तापट आहे, पण काम चोख.’ ‘ती काम चोख करते, पण जरा तापट आहे.’

सीव्हीवरचं नाव झाकून टाका

आता तिचं काम बघू. ६७४ मध्ये, अजून राणी असतानाच, तिनं बारा कलमी प्रस्ताव मांडला. शेती आणि रेशमाला उत्तेजन, करात सूट, उधळपट्टीला चाप. त्यात एक कलम असं होतं की मला ते वाचून थांबायला झालं. तोपर्यंत नियम असा होता की वडील गेले तर तीन वर्षं शोक पाळायचा. पण वडील हयात असताना आई गेली तर फक्त एक वर्ष. वूचं म्हणणं, आईसाठीही तीन वर्षं. आईच्या वाट्याला मोजून तेवढाच शोक. साम्राज्याच्या कामकाजात हा विषय आणायला बाईच लागली.

नोकरभरतीत तर तिनं जाम उलथापालथ केली. तांग दरबारात मोठी पदं ठरावीक जुन्या घराण्यांकडे जायची. त्यांच्या नजरेत ती स्वतःच बाहेरची, त्यामुळे तिला बाहेरचीच माणसं हवी होती. स्पर्धा परीक्षांतून येणाऱ्यांना तिनं वर आणलं. ६९० मध्ये उमेदवारांची परीक्षा तिनं स्वतः राजवाड्यात घेतली. ७०२ मध्ये सैनिकी परीक्षा सुरू केली. अधिकारी निवडताना उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायची पद्धतही तिच्याच काळात आली. कोणाचा कोण हे कळायच्या आत पेपर तपासून मोकळं. सातव्या शतकात, मंडळी!

टॅलेंटची तिला पारखही सॉलिड होती. ६८४ मध्ये तिच्याविरुद्ध बंड झालं. बंडखोरांच्या बाजूनं लुओ बिनवांग नावाच्या कवीनं तिच्यावर अतिशय झणझणीत जाहीरनामा लिहिला. तो वाचून ती चिडली नाही. म्हणाली, इतका हुशार माणूस आपल्याकडे कामाला नाही, ही आपल्या मंत्र्यांची चूक! आणि ज्या शांगग्वान यीचं डोकं उडवलं होतं, त्याची नात वान-अर आईबरोबर राजवाड्यात गुलाम म्हणून वाढली. मुलगी हुशार निघाली. वूनं तिला सेक्रेटरी केलं, आणि पुढे साम्राज्याचे हुकूम तिच्या हातून लिहिले जाऊ लागले. आजोबांना मारणाऱ्या बाईच्या टेबलाशी बसून काम करताना त्या मुलीला काय वाटत असेल, देव जाणे. २०१३ मध्ये शिआनजवळच्या विमानतळाच्या परिसरात वान-अरची समाधी सापडली तेव्हा चीनमध्ये ती मोठी बातमी झाली होती.

आकडेही बोलतात. ६५२ मध्ये सरकारी नोंदीत ३८ लाख कुटुंबं होती. ती पायउतार झाली त्या ७०५ मध्ये ६१ लाखांहून जास्त. सगळं श्रेय एका व्यक्तीला देता येत नाही. पण ज्या काळाला पुढच्यांनी ‘अनर्थ’ म्हटलं, त्या काळात माणसं पोट भरून जगत होती, वाढत होती, एवढं नक्की.

मेकअपचे पैसे आणि मॅनेज केलेली बातमी

पण कन्फ्युशियन पुस्तकांत बाईला सम्राट करायची सोयच नव्हती. मग तिनं बौद्ध धर्माकडे मोर्चा वळवला, आणि इथे आपल्या बाजूचे धागे येतात. शाळेच्या इतिहासात आपण ज्याला ह्युएन त्सांग म्हणून वाचलं, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवणारा तो यात्रेकरू, चीनला परतल्यावर याच दरबाराच्या आसऱ्याला होता. ६५६ मध्ये वूला बाळंतपणात त्रास होईल असं वाटत होतं, तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना त्यानं केली. दक्षिण भारतातून गेलेला बोधिरुची नावाचा भिक्षू ६९३ मध्ये तिच्या राजधानीत, लुओयांगमध्ये, सूत्रांचं भाषांतर करत होता. तिच्या दरबारातलं पंचांग करणारा अधिकारी भारतीय वंशाच्या गौतम घराण्यातला होता.

६७२ मध्ये लुओयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांत महाकाय बुद्धमूर्तीसाठी तिनं आपल्या ‘पावडर-लालीच्या पैशांतून’ वीस हजार माळा नाणी दिली. त्या काळात भोकाची नाणी दोरीत ओवायचे. एका माळेत हजार. म्हणजे हिशोबानं दोन कोटी नाणी... मेकअपच्या भत्त्यातून! १७ मीटरची ती मूर्ती आजही तिथे आहे. लेण्यांना २००० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मूर्तीचा चेहरा तिचाच, असं गाइड सांगतात. पुरावा नाही, पण स्टोरी भारी आहे.

स्टोरी कशी करायची, हे या बाईला नीट कळत होतं. ६८८ मध्ये लुओ नदीत एक पांढरा दगड ‘सापडला’. त्यावर मजकूर असा की पवित्र माता अवतरणार आणि राज्याची भरभराट होणार. दगड तिच्याच भाच्यानं बनवून घेतलेला होता. ६९० मध्ये भिक्षूंनी महामेघ सूत्रावर टीका लिहून सांगितलं की बाई राज्य करणार ही भविष्यवाणी सूत्रात आहेच. लगेच प्रत्येक प्रांतात त्या सूत्राच्या नावानं मठ. तिनं नवीन अक्षरंही काढली. स्वतःच्या नावासाठी केलेल्या अक्षरात सूर्य, चंद्र आणि खाली आकाश. हा लोगोच की हो!

आता गंमत बघा. जिच्यासाठी एक दगड खोटा मजकूर कोरून नदीत टाकला गेला, तिचा खरा दगड कोरा राहिला.

तक्रारपेटी नावाचा राक्षस

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हिला तर गर्ल पॉवरचं पोस्टर करून लावायला हवं. थांबा.

६८६ मध्ये तिनं राजधानीत एक तांब्याची पेटी ठेवली. चार बाजू, चार फटी. एकीत स्वतःची शिफारस, दुसरीत सरकारवर टीका, तिसरीत अन्यायाची तक्रार, चौथीत शकुन आणि गुप्त खबर. आयडिया म्हणून बघितलं तर भन्नाट. साध्या माणसाचं म्हणणं थेट वरपर्यंत. पण खबर द्यायला येणाऱ्याला सरकारी घोडे, वाटेत पाचव्या ग्रेडच्या अधिकाऱ्याचं जेवण, आणि खबर खोटी निघाली तरी शिक्षा नाही. मग काय होणार? चौथी फट ओसंडून वाहायला लागली.

त्यातून लाइ जुनचेन, झोउ शिंग यांच्यासारखे लोक वर आले. यांचा धंदा एकच, आरोप रचायचे आणि छळ करून कबुली घ्यायची. लाइच्या टोळीनं निरपराध माणसाला कसं अडकवायचं याचं चक्क मॅन्युअल लिहिलं. शेकडो माणसं मेली. तांग घराण्यातले राजपुत्र कुटुंबासकट गेले. ६९१ मध्ये खुद्द झोउ शिंगवर आरोप आला. लाइनं त्याला जेवायला बोलावलं आणि सहज विचारलं, आरोपी कबूल होत नसेल तर काय करावं? झोउ म्हणाला, सोपंय, मोठा रांजण निखाऱ्यांवर ठेवा आणि त्याला आत बसवा. लाइनं रांजण मागवला आणि म्हणाला, तुमच्यावर तक्रार आहे, या, बसा आत. चिनी भाषेत ‘रांजणात या’ ही आजही म्हण आहे. लाइलाही ६९७ मध्ये मृत्युदंड झाला. वूनं ही माणसं वापरली, आणि काम झाल्यावर फेकून दिली.

तिचा सगळ्यात विश्वासू मंत्री दी रेनज्ये, म्हणजे इंग्रजी रहस्यकथांतला ‘जज डी’, तोही यात अडकला होता. छळ टाळायला त्यानं आधी सगळं कबूल केलं, मग कापडावर हकिकत लिहून कपड्याच्या अस्तरात लपवून घरी पाठवली, आणि वाचला. सगळे दी नव्हते. आणि ७०१ मध्ये, आजीच्या लाडक्या झांग बंधूंबद्दल कुजबुज केली म्हणून तिच्या सख्ख्या नातवाला जीव गमवावा लागला. हे टेम्प्लेट नाही. हे घडलेलं आहे. तान्ह्या मुलीच्या गोष्टीवर शंका घेताना या माणसांना विसरलो, तर आपणही त्या जुन्या इतिहासकारांसारखेच, फक्त उलट्या बाजूचे.

मला म्हणूनच ‘ती राक्षसीण’ आणि ‘ती आयकॉन’ हे दोन्ही फॉर्म नको वाटतात. बाई आहे म्हणून गुन्हे दुप्पट मोजायचे नाहीत, आणि बाई आहे म्हणून माफही करायचे नाहीत. ताइझोंगला जो फॉर्म दिला, तोच हिला द्यायचा. कागद तोच, रकाने तेच. मग जे मार्क पडतील ते पडतील.

सोन्याची पट्टी

१९८२ मध्ये हनान प्रांतातल्या सोंगशान डोंगरावर एका शेतकऱ्याला सोन्याची पट्टी सापडली. छत्तीस सेंटिमीटर लांब, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी मोठी. आता ती हनानच्या संग्रहालयात आहे. त्यावर ६३ अक्षरं. ७०० साली, ७६ वर्षांच्या वूनं ती देवांसाठी डोंगरावर टाकायला पाठवली होती. त्यात ना विजयांची यादी, ना परीक्षांची, ना बुद्धमूर्तीची. फक्त स्वतःचं नाव, आणि देवांना विनंती, की वूच्या नावावरचे दोष पुसून टाका.

माझ्या मते तिचं खरं सेल्फ असेसमेंट हे आहे. लोकांसाठी नव्हतंच ते, म्हणून खरं.

फेब्रुवारी ७०५ मध्ये मंत्री आणि सेनापतींनी राजवाड्यात घुसून झांग बंधूंना मारलं आणि आजारी, ऐंशी पार केलेल्या वूला गादी मुलाला द्यायला लावली. तांग घराणं परत आलं. डिसेंबरात ती गेली. जाताना तिनं सांगितलं की मला ‘सम्राट’ म्हणू नका, ‘महाराणी’च म्हणा. म्हणजे पाटील पुन्हा पाटलीणबाई झाल्या, आणि नवऱ्याशेजारी जागा मिळाली.

पण कामं टिकली. तिनं परीक्षा घेऊन वर आणलेली माणसं तिच्या नातवाच्या, सम्राट शुआनझोंगच्या, दरबारात मंत्री झाली, आणि त्या काळाला चीनचा सुवर्णकाळ म्हणतात. श्रेय नातवाला. ओळखीचं वाटतं ना? डेटा तुमचा, प्रेझेंटेशन साहेबांचं.

तिच्यावर सिनेमे, सीरियल्स येतच असतात. २०१४ च्या डिसेंबरात फान बिंगबिंगची महागडी सीरियल चीनमध्ये सुरू झाली, आठवड्याभरात बंद पडली, आणि परत आली तेव्हा बायकांच्या गळ्याखालचं सगळं कापून फक्त चेहरे उरले होते. तेराशे वर्षांनंतरही या बाईचं किती दाखवायचं, हे दुसरेच ठरवत होते.

आणि तो कोरा दगड? तो आज कोरा नाही. तिच्यानंतर काही शतकांनी येणारे-जाणारे त्यावर लिहायला लागले. कवी, अधिकारी, प्रवासी. ११३४ चा एक लेख तर खितान लिपीत आहे, जी आज जगात मोजके लोकच थोडीफार वाचू शकतात. रकाना रिकामा दिसला की लोकांचा हात शिवशिवतोच.

म्हणून सांगते. या वर्षी फॉर्म आला की तो रकाना लाजून रिकामा सोडू नका. केलेलं काम लिहा, आकड्यांसकट. फसलेलंही लिहा. आणि तुम्ही फॉर्म भरणारे नसून भरून घेणारे असाल, तर पेन उचलायच्या आधी एकदाच बघा, ‘पण’ नक्की कुठे टाकताय.